बियाण्याच्या नकाशामागचं मराठी नाव : दामोदर धर्मानंद कोसंबी

२९ जून – पुण्यतिथी विशेष

बुलढाणा : जूनचा शेवटचा आठवडा म्हणजे आपल्या जिल्ह्यात सगळ्यांची नजर आभाळाकडं. कुणाची तिफण चालू, कुणाची सरकी टोबून झालेली, कुणी दुबार पेरणीच्या धास्तीत. अशाच दिवसांत, २९ जून १९६६ ला, पुण्यात दामोदर धर्मानंद कोसंबी झोपेतच गेले. वय होतं अवघं ५८. शिकलेल्या लोकांना हे नाव इतिहासकार म्हणून ठाऊक आहे. पण बियाणं संशोधनाच्या प्रयोगशाळांत हेच नाव वेगळ्या कारणानं घेतलं जातं. तूर, हरभरा, कपाशी, भात, गहू अशा पिकांच्या जनुकांचे नकाशे काढताना जगभरचे शास्त्रज्ञ जे सूत्र वापरतात, त्याचं नाव ‘कोसंबी सूत्र’ आहे. हे सूत्र पुण्यात गणित शिकवणाऱ्या एका मास्तरानं लिहिलं. ना त्यांच्याकडं वावर होतं, ना प्रयोगशाळा.

हा माणूस कोण, त्याचं सूत्र काय, आणि आपल्या बियाण्याच्या पिशवीशी त्याचा संबंध काय, ते साध्या भाषेत पाहू.

गोव्यातून अमेरिकेत

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. घरचे लोक त्यांना बाबा म्हणत. वडील धर्मानंद कोसंबी हा एक वेगळाच माणूस. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा म्हणून त्यांनी तरुणपणी घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे फिरले, पाली भाषेचे पंडित झाले आणि पुढं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना जुन्या बौद्ध ग्रंथाच्या कामासाठी बोलावलं. १९१८ मध्ये ते गेले तेव्हा मोठी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर सोबत होते.

दामोदर तिथल्याच शाळेत शिकला. मधे भारतात येऊन गेला, पुन्हा वडिलांसोबत गेला आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून गणितात सर्वोच्च श्रेणीची पदवी घेऊन बाहेर पडला. गणिताबरोबर भाषाही भरपूर शिकला. तिथं राहून चांगली नोकरी मिळाली असती, पण तो परत आला. आधी बनारस, मग अलिगढ आणि १९३३ पासून पुण्यात फर्ग्युसन कॉलेज. वडील जिथं पाली शिकवायचे, तिथंच मुलगा गणित शिकवू लागला. १९३४ मध्ये त्यांना गणितातल्या कामासाठी रामानुजन पारितोषिक मिळालं.

वडिलांचा शेवट आपल्या विदर्भातच झाला. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात धर्मानंदांनी अन्नत्याग करून देह ठेवला. गांधीजींना त्यांच्याबद्दल मोठा आदर होता.

नाणी तोलणारा गणिताचा मास्तर

कोसंबींची एक सवय होती. गणित कागदावर ठेवायचं नाही, वस्तूला लावून पाहायचं. अडीच हजार वर्षांपूर्वीची चांदीची नाणी त्यांनी तराजूत तोलायला घेतली. एक-दोन नाही, हजारो. विचार साधा होता. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जास्त फिरलेलं नाणं हलकं होतं. मग एका गाडग्यात सापडलेल्या सगळ्या नाण्यांची वजनं नीट मांडली, तर कोणतं आधीचं आणि कोणतं नंतरचं हे कळायला पाहिजे. तपासणीसाठी त्यांनी त्या काळी बाजारात चालणारी नाणीही तोलून पाहिली.

हे करता करता त्यांचा संख्याशास्त्रावर हात बसला. थोड्या मोजणीतून मोठी गोष्ट कशी ओळखायची, मोजणीत चूक किती धरायची, जे डोळ्याला दिसत नाही त्याचा हिशेब कसा लावायचा, याची त्यांना सवय झाली. पुढं जनुकांच्या प्रश्नाला हात घातला तेव्हा हीच सवय उपयोगी पडली.

पराग तयार होताना काय घडतं

इथं थोडं विज्ञान सांगावं लागतं. बारावीला ज्यांनी जीवशास्त्र घेतलं त्यांना अर्धगुणसूत्री विभाजन आठवत असेल. ज्यांनी घेतलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.

प्रत्येक झाडाच्या पेशीत गुणसूत्रं असतात. ती जोडीनं असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. हरभऱ्यात १६ म्हणजे ८ जोड्या, तुरीत २२, सोयाबीनमध्ये ४०, देशी कपाशीत २६ आणि आपण लावतो त्या अमेरिकन कपाशीत ५२. आता पराग आणि अंडपेशी तयार होताना ही संख्या निम्मी व्हावी लागते. हरभऱ्याच्या परागात ८ आणि अंडपेशीत ८, दोन्ही मिळाले की बियाण्यात पुन्हा १६. निम्मी झाली नाही तर दर पिढीला दुप्पट होत जाईल.

पण नुसती वाटणी होत नाही. वाटणीच्या आधी जोडीतली दोन्ही गुणसूत्रं एकमेकांना चिकटतात, ठरावीक जागी तुटतात आणि एकमेकांचे तुकडे घेऊन पुन्हा सांधली जातात. समजा, शेजारी शेजारी दोन दोर ठेवले, एक पांढरा आणि एक लाल. दोन्ही एकाच जागी कापले आणि पांढऱ्याचं टोक लालला, लालचं पांढऱ्याला बांधलं. तसंच हे. म्हणून कोणताही पराग हुबेहूब आईसारखाही नसतो आणि बापासारखाही नसतो. एकाच घरातली सख्खी भावंडं वेगळी दिसतात ती यामुळंच.

संकरित कपाशीचं बी घरी धरून का लावू नये, याचं उत्तरही इथंच आहे. पिशवीतलं संकरित बी सगळं एकसारखं असतं, कारण प्रत्येक दाण्याला त्याच आईचा आणि त्याच बापाचा वाटा मिळालेला असतो. पण त्या झाडाला फूल आलं की आत वर सांगितलेली वाटणी आणि अदलाबदल होते. त्याच्या सरकीतून पुढच्या वर्षी उगवणारी पऱ्हाटी म्हणून कमी-जास्त निघते. एक उंच, एक बुटकी, एकाला बोंडं भरपूर, एकाला थोडी. सोयाबीनचं तसं नाही. ते सरळ वाण असतं, फूल उमलायच्या आधीच स्वतःच्या परागानं फळतं आणि जोडीतले दोन्ही दोर आधीच सारखे असतात. सारख्या दोरांचे तुकडे बदलले तरी फरक पडत नाही. म्हणून घरचं सोयाबीन, उगवणशक्ती तपासून, पेरता येतं.

अंतर मोजायचा प्रश्न

आता कोसंबींच्या कामाकडं येऊ. त्या दोरावर दोन गाठी आहेत असं समजा. एक गाठ मर रोगाला दाद न देणाऱ्या जनुकाची, दुसरी गाठ फुलाच्या रंगाची. दोन्ही गाठी जवळ असतील तर त्यांच्यामधून दोर कापला जाण्याची शक्यता कमी, म्हणून त्या बहुतेक वेळा सोबतच जातील. लांब असतील तर वेगळ्या होतील. म्हणजे किती बियांमध्ये गाठी वेगळ्या झाल्या हे मोजलं की त्यांच्यातलं अंतर कळतं. ही युक्ती अमेरिकेत मॉर्गन नावाच्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत निघाली. त्यांच्या स्टर्टेव्हंट नावाच्या तरुण विद्यार्थ्यानं १९१३ मध्ये माशीच्या जनुकांचा पहिला नकाशा छापला. अंतराच्या मापाला पुढं मॉर्गन यांच्याच नावावरून सेंटीमॉर्गन म्हणू लागले.

अडचण अशी की दोर दोन गाठींच्या मधे एकदा नाही, दोनदा कापला गेला तर? दोन अदलाबदली झाल्या की दोन्ही गाठी पुन्हा एकाच दोरावर येतात. आपल्याला वाटतं काहीच झालं नाही. म्हणजे जे दिसतं ते खऱ्यापेक्षा कमी असतं. लपलेल्या कापांचा हिशेब धरायचा कसा?

१९१९ मध्ये हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञानं एक सूत्र दिलं. त्यात धरलं होतं की काप कुठंही, एकमेकांची पर्वा न करता पडतात, पावसाच्या थेंबासारखे. पण माशीत, मक्यात आणि इतर बऱ्याच जिवांत तसं घडत नव्हतं. एक काप पडला की त्याच्या जवळपास दुसरा सहसा पडत नाही. मोठ्या लिंबाच्या सावलीत पीक वाढत नाही तसं. सावलीपासून लांब गेलं की पीक पुन्हा जोमात. शास्त्रज्ञांना ही गोष्ट माहीत होती. पण तिच्यासकट सहज वापरता येईल असं सोपं सूत्र पाहिजे होतं.

ते कोसंबींनी दिलं. दुसरं महायुद्ध चालू होतं, कागदाची टंचाई होती. त्या काळात, १९४३-४४ मध्ये, इंग्लंडमधून निघणाऱ्या संशोधन नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला. लांबी फक्त चार पानं. त्यांनी धरलं ते असं : दोन गाठी अगदी जवळ असतील तर मधे दुसरा काप जवळजवळ पडतच नाही. अंतर वाढत जाईल तशी ही अटक सैल होत जाते आणि खूप लांब गेलं की संपते. एवढ्या एका साध्या गृहीतावरून त्यांनी कागदाच्या एका ओळीत मावणारं सूत्र काढलं.

फरक किती पडतो ते पाहा. १०० पैकी ५ बियांत गाठी वेगळ्या झाल्या, तर हाल्डेनच्या सूत्रानं अंतर ५.३ येतं आणि कोसंबींच्या सूत्रानं ५.०. जवळजवळ सारखंच. २० बियांत वेगळ्या झाल्या तर हाल्डेनचं २५.५, कोसंबींचं २१.२. आणि ३० असतील तर ४५.८ आणि ३४.७. गाठी लांब असतील तशी तफावत वाढत जाते. नकाशात एवढा फरक म्हणजे मेहकरहून चिखलीला निघालेला माणूस भलत्याच गावी पोचायचा.

शेतकऱ्याला याचा फायदा काय

मर रोगाला टिकणारा हरभरा तयार करायचा असेल तर पूर्वी एकच वाट होती. संकर करायचा, हजारो झाडं लावायची, रोगट जमिनीत वाढवायची, जगतील ती ठेवायची आणि हे वर्षानुवर्षं चालवायचं. आता रोपाच्या पानाचा लहानसा तुकडा घेऊन प्रयोगशाळेत पाहता येतं. त्यात पाहिजे त्या जनुकाऐवजी त्याच्या शेजारची सहज ओळखू येणारी खूण पाहतात. खूण जनुकापासून एका मापाच्या अंतरावर असेल तर शंभरात एखाद्याच वेळी फसगत होते. वीस मापांवर असेल तर पाचातलं जवळपास एक झाड फसवं निघतं. म्हणून अंतर बरोबर पाहिजे. अंतर चुकलं की खूण चुकते, आणि खूण चुकली की संशोधकांची वर्षं आणि शेवटी शेतकऱ्याचा हंगाम वाया जातो.

आज हे नकाशे संगणकावर निघतात. संगणक शास्त्रज्ञाला विचारतो की कोणतं सूत्र वापरू, आणि यादीत दोन नावं हमखास असतात : हाल्डेन आणि कोसंबी. योगायोग बघा. हाल्डेन स्वतः १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

कोसंबींच्या सूत्रावर कुणाची मालकी नाही, त्याला पैसे लागत नाहीत. जे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांना वापरता येतं. बियाण्याच्या बाबतीतही २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या पिकातलं बी राखायचा, पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा आणि विकायचा हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. हा हक्क आपल्या बऱ्याच लोकांना अजून माहीत नाही.

ही अदलाबदल आली कुठून

कोसंबी गेल्यानंतर या विषयात पुष्कळ नवी माहिती निघाली. गुणसूत्रांची ही वाटणी आणि अदलाबदल फक्त झाडात आणि जनावरात होते असं नाही. डोळ्याला न दिसणाऱ्या, एकाच पेशीच्या जिवांतही ती होते, आणि सुरुवात तिथूनच झाली असं शास्त्रज्ञ मानतात. तेही शंभर कोटी वर्षांपेक्षा जास्त काळापूर्वी.

पाव फुगवायला वापरतात ते खमीर म्हणजे एकपेशीय बुरशी. खायला मिळतंय तोवर ती नुसती कोंब काढून वाढते. उपासमार झाली की हीच वाटणी करून एका पिशवीत चार बीजाणू बनवते आणि चांगल्या दिवसांची वाट पाहते. डबक्यातलं एक हिरवं एकपेशीय शेवाळ पाण्यातलं नत्र संपलं की नर-मादीसारखं होऊन एकत्र येतं. आपण नत्र कमी पडलं की युरियाच्या रांगेत उभे राहतो, ते शेवाळ लग्न लावून मोकळं होतं. मलेरियाचा जंतूही एकपेशीय. त्याचे नर-मादी डासाच्या पोटात एकत्र येतात आणि जनुकांची अदलाबदलही तिथंच होते. औषधाला दाद न देणारे गुण या अदलाबदलीत नव्या नव्या जोड्यांत एकत्र येऊ शकतात.

दूषित पाण्यातून पोटात जाणारा जिआर्डिया नावाचा एक जंतू आहे, त्यानं जुलाब लागतात. तो फक्त एकाचे दोन होऊन वाढतो असंच सगळे समजत होते. २००५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांना त्याच्या पेशीतही अर्धगुणसूत्री विभाजनाची जनुकं सापडली. घरात औत दिसलं नाही तरी कोपऱ्यात जू आणि कासरा दिसला, तर या घरी शेती होती किंवा आहे हे ओळखता येतं. तसंच हे. दोर कापण्याचं काम करणारं मुख्य जनुक खमिरात, झाडात, जनावरात आणि माणसातही आहे. त्याचं मूळ त्याहून जुन्या सूक्ष्म जिवांतल्या एका हत्यारात आहे. तिथं ते गुंता सोडवायच्या कामाचं होतं, पुढं तेच या कामाला जुंपलं गेलं.

यातून कोसंबी सूत्राची मर्यादाही कळली. आफ्रिकेतल्या धान्याच्या दारूत सापडलेलं खमीर घ्या. त्याच्यात एक काप दुसऱ्याला अडवतच नाही. अशा जिवाला हाल्डेनचं सूत्रच बरोबर बसतं. म्हणजे कोसंबींचं सूत्र हा काही सगळ्या सृष्टीचा कायदा नाही. पण आपण पिकवतो त्या बहुतेक पिकांच्या स्वभावाला ते चांगलं जुळतं, म्हणून ८० वर्षांनंतरही टिकून आहे.

पायी फिरलेला इतिहासकार

फर्ग्युसन सोडल्यावर होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या नव्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. कोसंबी राहायचे पुण्यात आणि डेक्कन क्वीन गाडीनं कामाला मुंबईला जायचे. सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि खेडी पालथी घालायचे. म्हसोबा, वेताळ, गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या देवी, धनगरांच्या वाटा, दगडाची बारीक हत्यारं, हे सगळं त्यांनी टिपलं. राजांच्या तारखा पाठ करणं म्हणजे इतिहास नाही, सामान्य माणूस नांगर कधी धरू लागला, खात काय होता, देव कोणता मानत होता हा खरा इतिहास, अशी त्यांची भूमिका होती. भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं मोठं पुस्तक १९५६ मध्ये आलं. त्यानं पुढच्या इतिहासकारांची विचाराची पद्धतच बदलली. भर्तृहरीच्या संस्कृत कवितांची शुद्ध प्रत तयार करायचं कामही याच माणसानं केलं.

स्वभाव मात्र फटकळ. विचारानं मार्क्सवादी, पण पक्षवाल्यांनाही सोडायचे नाहीत. अणुऊर्जेवर एवढा पैसा घालण्यापेक्षा आपल्या देशात भरपूर मिळणाऱ्या उन्हापासून वीज काढा, असं ते १९५०-६० च्या काळात सांगत होते. तेही अणुऊर्जेचे प्रमुख भाभा यांच्याच संस्थेत राहून. आज आपल्याकडं सौर कृषिपंप दिसतात तेव्हा ते किती आधी बोलले हे कळतं. शेवटच्या काळात गणितातला एक अतिशय अवघड प्रश्न सोडवल्याचा दावा त्यांनी शेती संख्याशास्त्राच्या नियतकालिकात केला. तो जाणकारांना मान्य झाला नाही आणि त्यांच्या नावाला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांचा करार पुढं वाढवला नाही. तरी त्यांचं लिहिणं आणि फिरणं थांबलं नाही. प्राचीन भारतावरचं शेवटचं मोठं पुस्तक १९६५ ला निघालं आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

२००८ मध्ये भारत सरकारनं त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. पुण्या-मुंबईत त्यांच्यावर व्याख्यानं होतात, पण ती बहुतेक इतिहासावर. शेतकऱ्याच्या कामी आलेल्या त्या चार पानांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पेरणीच्या या दिवसांत आपल्या शाळा-कॉलेजच्या पोरांना एवढं जरूर सांगावं. बियाण्याच्या पिशवीवर ‘संकरित’ लिहिलंय की ‘सुधारित वाण’ हे आधी वाचायचं. संकरित असेल तर बी धरायचं नाही, सरळ वाण असेल तर उगवण तपासून धरायचं. आणि असं का, हे पोरांनी विचारलं तर दोन दोर घेऊन दाखवायचं. तेवढं समजलं की कोसंबींचं सूत्र समजायला फक्त थोडं गणित उरतं.